भिंतीआडची टाकी

३ तारीख, सोमवार

पाणी पाच पेले. गेल्या सहा वेळा.

वरची ओळ डॉक्टरांसाठी. हॉस्पिटलातून घरी सोडताना सिस्टरने बजावलं, "काकू, आजी किती पेले पाणी पितात आणि किती वेळा जाऊन येतात, ते रोज लिहायचं." दुकानात साधी वही नव्हती, तारखा छापलेली डायरी मिळाली. एवढं मोठं पान आणि लिहायचं काय, तर पाणी पाच, गेल्या सहा. बाकीचं पान कोरं ठेवायला माझा हात धजत नाही. म्हणून खाली मी माझं लिहिणार. डॉक्टरांना आकडे वेगळ्या चिठ्ठीवर देईन. बाकीचं त्यांनी वाचण्यासारखं नाही.

शिक्षण सातवी, गावच्या शाळेत. मास्तर मला पहिल्या बाकावर बसवायचे. हुशार म्हणून नाही, मागे बसले की वर्ग हसवायचे म्हणून.

आजी म्हणजे माझी सासू. वय चौऱ्याऐंशी. तोंडावर आई, मनात फौजदार. मी एकसष्ट. हे जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. महिन्यापूर्वी फौजदार बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली. आता वॉकर धरून चालतात. चालतात म्हणजे वॉकरला पुढे ढकलतात आणि मागून हुकूम सोडतात.

आज पहिलाच हुकूम, "अगं, ह्या बटणातून पाणी का येत नाही?"

४ तारीख, मंगळवार

पाणी पाच. गेल्या सहा वेळा.

आमच्या कमोडची टाकी भिंतीच्या आत आहे. बाहेर नुसती पांढरी प्लेट आणि दोन बटणं. ही ह्यांची हौस. ह्यांना पाइप, वायर, काही म्हणून बाहेर दिसलेलं चालायचं नाही. मी म्हणायचे, "मलाही भिंतीत घाला एकदा." तर म्हणायचे, "तुझा आवाज बाहेर येईलच."

तर ती टाकी आता भरतच नाही. भरते, पण कशी? एकदा बटण दाबलं की मी चहा टाकते, पिते, कप धुते, भांडी पुसते, तरी आतून आपली बारीक सूं सूं चालूच. आज घड्याळ लावून बघितलं. पंचवीस मिनिटं. आम्ही हॉस्पिटलात असताना गच्चीवरची मोठी टाकी धुतली, त्याचा गाळ नळातून आला असं वरच्या मजल्यावरची शिवणवाली सांगत होती.

तोवर बादली. फौजदार आत जातात, मी दाराबाहेर स्टूल टाकून भरलेली बादली घेऊन बसते. आतून "झालं" आलं की आत जाऊन ओतायची. पाणी ओतून लखलखीत झाल्याशिवाय त्या बाहेर येत नाहीत. फार अब्रूदार बाई.

संध्याकाळी धाकटे दीर आले. बादली बघितली आणि तोंड असं केलं की जणू मी आईला विहिरीवर पाठवते.

"वहिनी, ऑपरेशन झालेल्या माणसाला हे?"

"भावजी, ओतते मी. त्या नुसत्या बसतात."

"एकदा पडून झालंय ह्याच बाथरूममध्ये. सोळा तारखेला रविवारी मी गाडी घेऊन येतोय. तोपर्यंत हे नीट झालं नसेल, तर आईला मी घेऊन जाणार. माझ्याकडे दोन बाथरूम आहेत, दोन्ही नवी."

फौजदार खुर्चीत बसून सगळं ऐकत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. एरवी भाजीत मीठ कमी पडलं तर अर्धा तास बोलतात.

जाऊ देत की. मलाही जरा मोकळं होता येईल. दुपारी झोपता येईल. पण टाकी तर दुरुस्त करायलाच हवी, पंचवीस मिनिटं मला स्वतःलाही परवडत नाहीत.

६ तारीख, गुरुवार

पाणी सहा. गेल्या सात वेळा.

प्लंबर आला. उंच, रुंद, दारातून तिरका झाला तेव्हा आत शिरला. मी त्याचं नाव पहिलवान ठेवलं. प्लेट वर सरकवून ओढली तर ती खटकन हातात आली. मागे पोस्टकार्डाएवढं चौकोनी भोक. त्याने हात घातला. पंजा गेला, मनगट गेलं, पुढे अडकलं. बाहेर काढायला गेला तर बाहेरही येईना.

फौजदार वॉकर घेऊन दारात हजर. "साबण आणू का?"

हात निघाला, वर ओरखडा. पहिलवान घाम पुसत म्हणाला, "काकू, माझा हात आत वळत नाही. भिंत फोडावी लागेल. चारच टाइल. नवीन लावून देतो."

"ह्याच मिळतील का?"

"ह्या कुठल्या मिळताहेत आता. पांढऱ्या लावू. चारच तर आहेत."

मी नाही म्हटलं. धूळ होते, फौजदारांना खोकला आहे, आणि निळ्यात चार पांढऱ्या टाइल म्हणजे माणसाच्या अंगावर ठिगळ. ह्या टाइल ह्यांनी स्वतः बसवल्या, दोन रविवार खपून. एक वाकडी बसली आहे, बेसिनच्या खाली. ती मी रोज बघते. म्हणजे मुद्दाम बघत नाही, ओठ पुसताना दिसते.

पहिलवान म्हणाला, "विचार करून सांगा." केला विचार. नाही.

७ तारीख, शुक्रवार

पाणी सहा. गेल्या सात वेळा.

खरं लिहायचं तर हे बादलीचं एवढं काही वाईट नाही. स्टुलावर बसले की आतून त्यांचं चालू होतं. आज त्यांनी त्यांच्या लग्नातली गोष्ट सांगितली. नवरामुलगा दिसला नाही म्हणून सगळे शोधताहेत, आणि तो मंडपामागे बकरीला फुलांचा हार खायला घालतोय. मी एवढी हसले की बादली हिंदकळली. समोरासमोर बसून त्या असलं कधी सांगत नाहीत. मध्ये दार लागतं.

दार त्या पूर्ण लावत नाहीत, फट ठेवतात. म्हटलं, "लावा की, मी काय बघतेय?" म्हणाल्या, "वारा येऊ दे."

बाथरूमला खिडकी आहे. पण असो.

आज एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. त्या पडल्या तेव्हा मी घरात नव्हते. बँकेत गेले होते. बँकेचं काम वीस मिनिटांत झालं. येताना शिवणवाली भेटली, तिच्याकडे बसले, दोन तास गेले. तिने मला नकला करायला सांगितल्या आणि मी केल्या. फौजदारांचीच नक्कल करत होते. त्याच वेळी त्या आत पडलेल्या. आतून कडी. घरी येऊन हाका मारल्या तर आवाज एवढा बारीक की मला आधी रेडिओ वाटला. सुताराला बोलावून दार उचकटलं.

भावजींनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, बँकेत रांग होती.

नकलेचं कुणालाच सांगितलं नाही. फौजदारांनी तर कधी विचारलंच नाही, कुठे होतीस म्हणून. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

८ तारीख, शनिवार

पाणी पाच. गेल्या सहा वेळा.

आजचा दिवस माझा!

सकाळी पहिलवानाला फोन केला. म्हटलं, "हात तुमचा जात नाही ना, माझा जातो. तुम्ही बाहेरून सांगा, मी आत करते." तो म्हणाला, "काकू, असं नसतं हो." मी म्हटलं, "मग कसं असतं?" अर्ध्या तासात पिशवी घेऊन आला.

फौजदारांनी खुर्ची दारात मांडून घेतली, पहिल्या रांगेत. पहिलवान कमोडच्या बाजूला उकिडवा बसला आणि डाव्या बाजूची भिंतीतली छोटी चावी फिरवायला लागला.

"ही कसली रे चावी?" फौजदार.

"ह्याने टाकीचं पाणी बंद होतं, आजी. काम करताना बंद करायची, झालं की उघडायची."

"म्हणजे थोडी बंद केली तर पाणी थोडं येणार?"

"बरोबर. आजी प्लंबर व्हायला हव्या होत्या."

"हात अडकला नसता माझा," फौजदार म्हणाल्या.

मग मी हात घातला. कोपरापर्यंत आत. दिसत काही नाही, नुसतं चाचपडायचं.

"काय लागतंय काकू?"

"गार."

"ते पाणी. डावीकडे या. फुगा लागेल, प्लॅस्टिकचा, वर-खाली होणारा."

"लागला."

"त्याच्याच बाजूला उभी नळी. नळीच्या टोकाला नट. हाताने सुटतो."

"कुठल्या बाजूने फिरवू?"

"डावीकडे."

"माझ्या की तुमच्या?"

पहिलवानाने डोळे मिटले. "काकू, आपण दोघं एकाच बाजूला बसलोय."

नट सुटला. नळी वेगळी झाली, एक रबरी वॉशर हाताला लागला. मग अख्खा पांढरा खांब, फुग्यासकट, वाकडा करून भोकातून बाहेर काढला. वासरू काढताना गावच्या ढोरडॉक्टरांचा चेहरा असायचा, तसा माझा झाला असणार. पहिलवानाने खांबाचं तोंड दाखवलं. त्यात एक जाळी, अंगठ्याच्या नखाएवढी. वाळू आणि पांढरा क्षार ठासून भरलेला. पाणी जाणार कुठून? एवढ्याशा जाळीसाठी हा भिंत फोडणार होता.

जाळी व्हिनेगरमध्ये भिजवली, जुन्या टूथब्रशने घासली. आरपार दिसायला लागली. खांब परत आत. आता नळी जोडायची.

"वॉशर द्या काकू."

मी काही बोलले नाही.

"काकू, वॉशर कुठे ठेवला? वॉशरशिवाय गळणार. कमोडमध्ये तर नाही ना पडला?" तो कमोडमध्ये वाकून बघायला लागला, बॅटरी लावून.

"ह्म्म," मी म्हटलं.

"अरे तिच्या तोंडात आहे," फौजदार म्हणाल्या. "शिवताना टाचण्या तोंडात धरते, तसं धरलंय. गिळशील गं बये."

तर तसंच होतं. हात दोन्ही कामात, ठेवणार कुठे? पहिलवान हसता हसता भिंतीला टेकला. वॉशर धुऊन लावला, चावी उघडली. टाकी तीन मिनिटांत भरली. तीन! मी घड्याळ धरून उभी होते. बटण दाबलं, पाणी असं धाडकन आलं की फौजदार खुर्चीत मागे सरकल्या.

पहिलवान म्हणाला, "दहा दिवसांनी येऊन सांधा बघून जातो, पाझर नको." जाताना मला हात जोडले. म्हटलं, पहिलवानांची गुरू झाले.

९ तारीख, रविवार

पाणी चार. गेल्या पाच वेळा.

बादली गॅलरीत उपडी. स्टूल स्वयंपाकघरात. भावजींना फोन करून सांगितलं. म्हणाले, "बघतो आल्यावर." तुम्हीच बघा, नाहीतर तुमच्या बायकोला पाठवा मोजायला, असं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. वॉशर नाही गिळला पण हे गिळलं.

१० तारीख, सोमवार

पाणी तीन. गेल्या चार वेळा.

फौजदार आता स्वतः बटण दाबतात, मला उठायला नको. दुपारी पंधरा मिनिटं झोपले सुद्धा. सवय नाही, छताकडे बघत पडले.

एक नवीन खोड लागली आहे त्यांना. आत गेल्या की हाक मारतात, "आहेस का?"

"आहे."

थोड्या वेळाने परत, "आहेस का?"

"कुठे जाणार? आहे."

चौथ्यांदा मी उत्तर दिलं नाही, गंमत म्हणून. वॉकरचा खडखडाट झाला आणि त्या साडी नीट न करताच बाहेर आल्या. मी टेबलाशी मटार सोलत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, "बहिरी झालीस का?" ओठ पांढरे. म्हटलं, "पाणी कमी पिता, म्हणून तोंड सुकतं. प्या." प्यायल्या नाहीत.

१२ तारीख, बुधवार

पाणी पाच. गेल्या सहा वेळा.

टाकीने पुन्हा रंग दाखवला! सकाळपासून सूं सूं. बावीस मिनिटं. बादली परत आली, स्टूल परत आलं. मला रडू यायचं बाकी होतं, आणि फौजदार मात्र आज काय खुशीत. आतून बकरीच्या गोष्टीचा पुढचा भाग सांगितला. बकरी वरातीतही आली होती.

बरं एक झालं, पाणी नीट प्यायल्या.

चार दिवस राहिले. सोळाला भावजी येणार आणि बादली बघणार.

१३ तारीख, गुरुवार

पाणी पाच. गेल्या सहा वेळा.

पहिलवान दुसऱ्या गावी कामावर आहे. फोनवर म्हणाला, "जाळी परत भरली असेल. पाणीच खराब आहे. तुम्हीच काढा ना, गुरू."

पदर खोचला. आधी पाणी बंद करायला चावीला हात घातला, तर ती फिरेचना. फिरेल कशी? जवळजवळ बंदच होती! केसभर उघडी. म्हणजे जाळीचा काही दोष नाही. उघडली, तीन मिनिटांत टाकी भरली.

परत पहिलवानाला फोन. "शिष्या, चावी अर्धवट ठेवून गेलात."

"काकू, मी पूर्ण उघडली होती. तुमच्यासमोर भरली की तीन मिनिटांत."

"मग काय भुताने फिरवली?"

"भूत असलं तर आतून कडी लावून बसत असेल," म्हणाला. फार बोलायला लागला आहे.

१४ तारीख, शुक्रवार

पाणी पाच. गेल्या सहा वेळा.

भूत सापडलं.

सकाळी चावी मी स्वतः पूर्ण उघडून ठेवली. फौजदार आत जाऊन आल्या. मी लगेच जाऊन बघितलं. केसभर. परत उघडली. अकरा वाजता त्या गेल्या, आल्या, बघितलं. केसभर. कमोडवर बसलं की ती चावी बरोबर डाव्या हाताखाली येते. वाकावंही लागत नाही.

बादली ओतली. त्या आतून काहीतरी सांगत होत्या, माझं लक्ष नव्हतं.

म्हणजे त्यांना जायचं आहे. टाकी बिघडलेली दिसली की धाकटा घेऊन जाणार, हे त्यांनी ऐकलेलंच आहे. दोन बाथरूम, दोन्ही नवी. मग मला सरळ सांगायचं ना. कोपरापर्यंत हात घालून मी वॉशर तोंडात धरला, त्या दारात बसून हसत होत्या. हसत काय असतील, त्याच वेळी चावी बघून ठेवली.

सरळ आहे म्हणा. मी दोन तास नकला करत बसले तेव्हा त्या फरशीवर पडलेल्या. अशा बाईकडे कोण राहील?

१५ तारीख, शनिवार

पाणी दोन. गेल्या तीन वेळा.

चावीचं डोकं पान्याने काढून माझ्या डब्यात ठेवलं. आता नुसता दांडा आहे, हाताने फिरत नाही. उद्या भावजींना टाकी चालू दिसली पाहिजे. माझ्या कामात खोट दिसून त्या जायला नकोत. जायचं तर त्यांच्या इच्छेने जावं.

त्यांची बॅग भरली. सहा साड्या इस्त्री करून. गोळ्यांच्या पाकिटांवर सकाळ, दुपार, रात्र असं मोठ्या अक्षरात लिहिलं, जाऊबाईंना चष्मा लावायचा कंटाळा. पायाचे मोजे. तेलाची बाटली, ती गुडघ्याला लागते आणि त्या मागत नाहीत, आपणहून लावावी लागते. हे चिठ्ठीवर लिहिलं. मग चिठ्ठी लांबत गेली. कूस कुठल्या बाजूला वळवायची, चहा किती गार झाल्यावर द्यायचा. दोन्ही बाजूंनी भरली.

दुपारी फौजदार म्हणाल्या, "आज तोंडाला कुलूप का?"

"दाढ दुखतेय."

"कुठली?"

"आहे एक."

१६ तारीख, रविवार

पाणी आज मोजलं नाही.

भावजी अकराला आले. चप्पल काढल्याबरोबर बाथरूममध्ये. बटण दाबलं, मोबाइलवर वेळ लावली. तीन मिनिटं दहा सेकंद. परत दाबलं. तीन मिनिटं. बाहेर येऊन म्हणाले, "छान चालतंय की. कुणी केलं?"

"मी," म्हटलं. पहिल्यांदाच त्यात काही मजा आली नाही. "टाकीची काळजी नको भावजी. पण आईंना तुमच्याकडे यायचं असेल, तर बॅग भरून ठेवलीय."

फौजदारांनी बॅग बघितली. "कुणी भरली?"

"मीच."

"मला न विचारता?"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत? चावी फिरवत होतात रोज. टाकी बिघडलेली दिसली की भावजी नेतील म्हणून ना? मला सरळ सांगायचं, मी काय धरून ठेवणार होते?"

भावजी माझ्याकडे बघताहेत, आईकडे बघताहेत. फौजदारांनी वॉकर उचलला आणि बाथरूमकडे निघाल्या. आत गेल्या, दार लावलं. पूर्ण लावलं, फट ठेवली नाही.

आम्ही दोघं बाहेर उभे. मग आतून,

"आहेस का?"

मला रागच आला होता.

"अगं, आहेस का?" आवाज एवढासा. तोच आवाज, मला रेडिओ वाटला होता तो.

"आहे, आई."

"मग बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काही पण बोल. तू बाहेर बादली घेऊन असलीस की मला... त्या दिवशी मी दोन तास मोरीवरच्या जाळीच्या झाकणाकडे बघत पडले होते. अकरा भोकं आहेत त्याला. हाका मारून मारून घसा बसला, मग भोकंच मोजत राहिले. आता दार लागलं की मला तेच दिसतं. लघवीला जायची वेळच येऊ नये. म्हणून पाणीच नको वाटतं."

"मग मला सांगायचं ना!"

"काय सांगू? चौऱ्याऐंशीची बाई, संडासात भीती वाटते म्हणून सांगू? तू सगळ्या बिल्डिंगीला नक्कल करून दाखवली असतीस."

तिने ते चेष्टेनं म्हटलं की तिला माहीत आहे, कुणास ठाऊक. मी दार ढकललं आणि आत गेले. ती कमोडवर साडी नीट लावून बसली होती, झाकण खाली करून. काही करायला गेलीच नव्हती. समोरासमोर बोलता येत नव्हतं म्हणून आत गेली होती.

मी फरशीवर बसले, तिच्या पायाशी. म्हटलं, "बँकेत रांग नव्हती, आई. मी शिवणवालीकडे बसले होते. तुमचीच नक्कल करत होते."

"कुठली?"

"मीठ कमी पडतं ती."

तिने माझ्या डोक्यावर एक टपली मारली. चांगली लागली. महिनाभर मी त्या टपलीचीच वाट बघत होते बहुतेक.

भावजी दाराशी आले, घसा खाकरला. "आई, माझ्याकडे चल. मी बाथरूमचं दारच काढून टाकतो. पडदा लावू."

"तू ऑफिसला, ती ऑफिसला. दार काढून मी कुणाला दिसणार?"

"बाई ठेवू दिवसभर."

"ती माझ्याशी काय बोलणार? तिला मी माहीत आहे का?" मग म्हणाली, "ही आचरट आहे. पण हिच्या आवाजाची सवय झालीय मला."

भावजींनी चहा घेतला. जाताना जिन्यात मला म्हणाले, "वहिनी, बँकेत रांग नव्हती हे आईने मला हॉस्पिटलातच सांगितलं होतं. शिवणवालीच्या खिडकीतून तुमचं हसणं तिला आत ऐकू येत होतं म्हणे. ती म्हणाली, तिला बोलू नकोस, सहा वर्षांनी एवढी हसताना ऐकली."

मी जिन्यातच बसले थोडा वेळ.

बॅग रिकामी केली. इस्त्री केलेल्या साड्या परत ठेवताना फौजदार म्हणाल्या, "घडी चुकलीय तिसरीची."

१८ तारीख, मंगळवार

पाणी सहा. गेल्या सात वेळा.

टाकी तीन मिनिटांत भरते. बादली वरच्या शिवणवालीला देऊन टाकली. स्टूल मात्र दाराबाहेरच असतं आणि त्यावर मी असते. ह्यात माझी दुपारची झोप गेली, हे इथे नोंदवून ठेवते.

आज पहिलवान सांधा बघायला आला. पाझर नाही. चावीचं डोकं परत बसवलं. मी म्हटलं, "जरा थांबता का, औषधाच्या दुकानातून येते, दहाच मिनिटं." गेले आणि धावत आले. जिन्यातूनच ऐकू आलं, पहिलवान मोठमोठ्याने बोलतोय. दार उघडून बघते तर स्टुलावर पहिलवान, पाय लांब पसरून, तोंड बाथरूमच्या बंद दाराकडे.

"...तर मुलीचे वडील म्हणाले, नळ दुरुस्त करून दाखव, मगच मुलगी देतो. आणि आजी, माझा हात अडकला!"

"मग?" आतून.

"मग काय, मुलीनेच तेल आणून ओतलं हातावर."

"दिसायला कशी होती?"

मी पिशवी ठेवली. म्हटलं, "पहिलवान, उठा. जागा माझी आहे."

तो उठायला लागला, तेवढ्यात आतून आवाज आला, "थांब गं जरा. त्याचं संपू दे."

मग मी पण दाराला टेकून उभी राहिले. लग्न झालं त्याचं, त्याच मुलीशी.